पत्र्याचं भोक

आमचं घर आधी सगळं माळवदाचं. दगडमातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर. आजोबांनी गोठ्यावर जस्ती पत्रे घातले तेव्हा लोक बघायला आले होते, असं आजी सांगायची. पन्हळी पत्र्याचं पेटंट लंडनमध्ये १८२९ साली झालं आणि लोखंडाला जस्त चढवायचं पेटंट फ्रान्समध्ये १८३७ साली, हे मी फार पुढं वाचलं. आमच्या गोठ्यावर यायला त्याला शंभराहून जास्त वर्षं लागली.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा. आई-आबा खडी फोडायला जायचे, आम्ही पोरं सुकडी खायचो. गोठ्याच्या टोकाला एक खोली होती. तिथं कणगीत मूग आणि तुरीचं बियाणं होतं. पोटाला चिमटा बसला तरी आबांनी त्याला हात लावू दिला नाही.

त्या खोलीवरच्या पत्र्याला भोक पडलं होतं. खालून गोमुताची वाफ, वर वर्षानुवर्षं कडब्याचा ओला ढीग. पत्रा दोन्हीकडून खाल्ला गेला. पण पाऊसच नाही तर गळणार काय? चैत्रात खोलीत उन्हाचा कवडसा दिसला, तेव्हा ध्यानात आलं. आबांनी डालड्याचा डबा कापून तुकडा ठेवला, वरून डांबर ओतलं. काम झालं.

१९७३ च्या मृगात दोन दिवस झड लागली. गाव आनंदानं भिजलं. तिसऱ्या दिवशी कणगी उघडली तर आत हात गरम लागला. मुगाला मोड आले होते, तूर फुगली होती.

त्या रात्री आम्ही पोरांनी मुगाची उसळ पोटभर खाल्ली. कितीतरी महिन्यांनी पोट भरलं होतं. आम्ही खुशीत, आणि आई डोळ्याला पदर लावून वाढत होती. आबा जेवले नाहीत. बियाणं दीडीनं आणलं. एक पायली घ्यायची, सुगीला दीड द्यायची. ते फेडता फेडता पुढचं पीक अर्धं गेलं.

बाजाराच्या दिवशी आबा डाक देणाऱ्या चाचाकडं गेले. मी बरोबर होतो. चाचा म्हणाले, "भाऊ, तुम्ही गंजावर डांबर लावलं. गंज सुटला, त्याच्यासंगं डांबर बी सुटलं. आणि डबा कथलाचा. त्याला चरा पडला की लोखंड लगेच गंजतं. जस्त तसं नाही. ते आधी स्वतः झिजतं, लोखंडाला राखतं."

मग त्यांनी रीत सांगितली. भोकाभोवती हातोडीनं हलकं ठोकायचं, जिथं भुसा पडतो तिथवर पत्रा मेलेला. तेवढा कापून टाकायचा. कडा विटेनं घासून चकाकी आणायची. ठिगळ जस्ती पत्र्याचंच, चहूकडून तीन बोटं मोठं. त्याची वरची कड वरच्या पत्र्याखाली सरकवायची, म्हणजे पाणी वरून वाहून जातं. रिबीट मारायचे, मग सांध्यावर गरम डांबर, त्यावर गोणपाट, पुन्हा डांबर. बादली-घागरीला मात्र डांबर नको. तिथं नवसागर लावून कथील-शिशाचा डाक.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडं भिंतींना चिरा पडल्या, पण तिकडं दगडमातीच्या घरांखाली माणसं गाडली गेली. मग लोकांनी धास्तीनं माळवदं उतरवली, पत्रे घातले. कुणाचा पत्रा गळला की मला हाक यायची.

आबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. ते ठिगळ अजून आहे. दर वैशाखात मी शिडी लावतो, पत्र्यावर फळी टाकून त्यावर पाय ठेवतो आणि हातोडीनं ठोकून बघतो. नातू विचारतो, "आजोबा, गळत तर नाही, मग कशाला चढता?"

मी म्हणतो, "गळत नाही म्हणूनच चढायचं, बाळा. आपलं बियाणं गेलं ते पाऊस नसतानाच."