नटाची उमेदवारी

'उमेदवारी' हा शब्द आज बहुधा निवडणुकीपुरता उरला आहे. पूर्वी कचेरीत, पेढीवर, छापखान्यात कायमची जागा मिळण्याआधी काही काळ बिनपगारी अगर नाममात्र पगारावर राबून काम शिकावे लागे, त्याला उमेदवारी करणे म्हणत. कारकुनाची उमेदवारी वर्षा-दोन वर्षांत संपे, वकिलाची जरा अधिक लांबे. नटाची उमेदवारी किती वर्षे चालावी याला मात्र काही नियम नाही. आणि ती चालू असता त्याने खावयाचे काय, हा प्रश्न मराठी रंगभूमी जन्मल्यापासून तिच्या दाराशी उभा आहे. नाटककारांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो, थोर नटांच्या आख्यायिकाही ऐकतो. ज्याच्या हाती अजून भालदाराचा भालाच आहे आणि ज्याचे नाव जाहिरातीत छापले जात नाही, त्या पोराच्या पोटाचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. आज तो थोडासा सांगावयाचा आहे.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' करून दाखविले तेव्हा हा प्रश्न उद्भवला नव्हता, कारण सारा खर्च चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या पदरी होता. राजाश्रयातील नट हा राजाच्या इतर माणसांसारखाच एक माणूस. १८५१ साली आप्पासाहेब वारले, आश्रय सुटला आणि भाव्यांची मंडळी गावोगाव हिंडू लागली. १८५३ मध्ये ती मुंबईस जाऊन पोचली. तिकीट काढून येणारा प्रेक्षक हाच आता त्यांचा राजा झाला. तरी त्या नाटकांची रीत अशी होती, की गाणे सगळे सूत्रधाराने म्हणावयाचे आणि पात्रांनी प्रसंग ओळखून स्वतःचे शब्द बोलावयाचे. राक्षसाचे काम करणाऱ्याला दणकट छाती आणि आरडाओरड करण्याची ताकद असली म्हणजे पुष्कळ झाले. 'अललडुर्र' हे त्या मंडळ्यांना पुढे मिळालेले थट्टेचे नाव त्यावरूनच पडले. शिकावयाचे थोडे, म्हणून उमेदवारीही थोडी.

हे चित्र पालटले ते अण्णासाहेब किर्लोस्करांनी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात 'शाकुंतल' उभे राहिले. ज्या पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली होती, तेच हे पुणे. संध्याकाळी व्याख्यान ऐकणारा गृहस्थ रात्री नाटकास जाऊ लागला. मात्र आपल्या मुलाने त्या नाटकात काम करावे असे त्याला वाटत नसे. खुद्द अण्णासाहेब सरकारी कचेरीत नोकरी करून नाटके बसवीत होते, यात सगळे आले. परंतु 'शाकुंतला'ने आणि १८८२ च्या 'सौभद्रा'ने नटावर नवे ओझे टाकले. सूत्रधाराच्या मागे लपणे संपले. ज्याचे पद त्यानेच गावयाचे, लिहिलेले भाषण चोख पाठ पाहिजे, संस्कृत वळणाचे शब्द स्वच्छ उच्चारले पाहिजेत, राग ओळखता आला पाहिजे, आणि साडी नेसून चालावयाचे तर चालही शिकली पाहिजे. असा नट दोन महिन्यांत तयार होत नाही. त्याला पाच-सहा वर्षे लागतात, आणि त्या वर्षांत त्याच्यापासून मिळकत काही नाही.

ती पाच-सहा वर्षे कोणी पोसावयाची? याचे जे उत्तर त्या काळाने काढले ते नाटक मंडळी, म्हणजे आपल्या बोलीत 'कंपनी'. कंपनी ही केवळ खेळ लावणारी संस्था नव्हती. तिचे बिऱ्हाड असे, आचारी असे, शंभर पानांची पंगत उठविण्याची ताकद असलेल्या कंपन्याही होत्या. सकाळी तालीम, दुपारी झोप, रात्री खेळ; खेळ नसेल त्या दिवशी पुन्हा तालीम. आठ-दहा वर्षांचा मुलगा आला, की प्रथम त्याला सख्यांच्या घोळक्यात उभा करीत. तेथे उभ्या उभ्या सगळे नाटक त्याच्या कानावरून जाई. एखाद्या रात्री मुख्य पात्र आजारी पडले म्हणजे या पोराला सगळी पदे येतात असे उघडकीस येई, आणि त्याचे दैव उघडे. शिकविणारेही हलके नव्हते. गोविंद बल्लाळ देवलांसारखा नाटककार तालीम देण्यास बसे, आणि एकेका उच्चारासाठी, एकेका नजरेसाठी घाम काढी. राम गणेश गडकऱ्यांनी उमेदीच्या दिवसांत किर्लोस्कर मंडळीतील मुलांना शिकविण्याचे काम केले आहे. जेवण, निजण्यास जागा, वर्षाचे कपडे, गाण्याचा उस्ताद आणि वर गडकऱ्यांसारखा मास्तर, एवढे त्या काळी कोणत्या शाळेत फुकट मिळत होते? गणपतराव बोडसांचे 'माझी भूमिका' आणि चिंतामणराव कोल्हटकरांचे 'बहुरूपी' ही दोन आत्मचरित्रे ज्यांनी वाचली असतील, त्यांना या जगाची ओळख करून देण्याची गरज नाही.

पण हे फुकट नव्हते. कंपनीने पोसले, त्याची किंमत तिने वसूलही केली. 'पोरगा नाटक कंपनीत पळाला' हे वाक्य ज्या सुरात आपल्याकडे उच्चारले जाई, त्या सुरात सारे सामावलेले आहे. शाळा सुटली ती सुटलीच. आईबापांच्या हाती मालकाने आगाऊ रक्कम ठेवली असेल, तर ती 'उचल' फिटेपर्यंत मुलाला दुसरीकडे जाता येत नसे. फार गरीब घरांना मात्र ही उचल म्हणजे आधारच वाटे. कोल्हापूरचे केशवराव भोसले अगदी लहान वयात स्वदेशहितचिंतक मंडळीत आले आणि 'शारदे'च्या भूमिकेत नावारूपाला चढले. घरी राहते तर त्या गळ्याचे काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

सर्वांत मोठी परीक्षा पुढेच असे. बायकांची कामे पुरुष करीत, आणि त्यामुळे नाव मिळविण्याचा जवळचा रस्ता स्त्रीपार्टी होण्याचा. मुलगा चौदा-पंधराचा झाला, आवाज फुटला, मिसरूड दिसू लागले, की काल ज्याच्यासाठी तिकिटे खपत होती तो आज कोणाचाच नाही. काहींचा आवाज परत येई, निराळा होऊन येई. पुष्कळांचा येत नसे. मग तो कपडेपटात, पडद्यांच्या दोरीशी, नाहीतर दारावर तिकिटे फाडावयास उभा राही. भाऊराव कोल्हटकरांसारखा, १८८२ साली बडोद्याहून आलेला अलौकिक गळा स्त्रीभूमिकांनंतर पुरुषभूमिकांतही गाजला. पण भाऊराव हा अपवाद, आणि तेही १९०१ साली चाळिशीच्या आतच गेले. दारावर उभ्या राहिलेल्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

ज्यांचे साधले त्यांच्यापुढेही एक विचित्र अडचण होती. पगारी नटाला वर चढण्याची पायरी एकच, ती म्हणजे स्वतः मालक होणे. नारायण श्रीपाद राजहंस, आपले बालगंधर्व, यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या कानाच्या दुखण्यावर मिरजेत उपचार करविण्याची आणि मंडळीकडे शब्द टाकण्याची काळजी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी घेतली. गंधर्वालासुद्धा दार उघडून देणारा कोणी लागला तो असा. १९०५ साली मिरजेस ते शकुंतला म्हणून उभे राहिले. पुढे आठच वर्षांनी, १९१३ मध्ये, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. केशवरावांनी १९०८ सालीच हुबळीस ललितकलादर्श काढली होती, तेव्हा त्यांचे वय विशीच्याही आत. दीनानाथ मंगेशकरांनी चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर १९१८ मध्ये बलवंत मंडळी स्थापन केली, तेव्हा तेही अठराच्या आतच होते. गायनात अद्वितीय असलेल्या पोरसवदा माणसांनी पडदे, पोशाख, रेल्वेचे भाडे, आचाऱ्याचा पगार आणि सावकाराचे व्याज यांचा हिशेब ठेवावयाचा! तो त्यांना शिकविला कोणी होता? बालगंधर्वांनी अत्तर आणि भरजरी शालू यांत कंपनी बुडविली असे आपण हसून सांगतो. मला त्यात हसण्यासारखे फार दिसत नाही. कर्जाचा डोंगर झाल्यावरही त्यांनी पळवाट काढली नाही, रात्री उभे राहून ते फेडले. आणि १९३५ साली 'प्रभात'च्या 'धर्मात्म्या'त पुरुषवेषात पडद्यावर आले ते काही हौसेखातर नव्हे.

दीनानाथांची कथा याहून कठीण. बोलपट आले तसे बलवंत मंडळीनेही चित्रपटाच्या धंद्यात हात घातला, तो पोळला, आणि १९४२ साली पुण्यात दीनानाथ गेले तेव्हा त्यांचे वय एकेचाळीस होते. त्याच वर्षी त्यांची तेरा वर्षांची मुलगी 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात तोंडाला रंग लावून उभी राहिली. लता मंगेशकर गायिका म्हणून जगाला ठाऊक आहेत; परंतु घर चालविण्यासाठी त्या आरंभी नटी झाल्या होत्या, आणि ते काम त्यांना कधीच आवडले नाही. कंपनी मोडली म्हणजे काय मोडते, ते या एका घरात दिसते.

स्त्रियांची गोष्ट आली आहे तर दोन शब्द बोललेच पाहिजेत. त्यांना उमेदवारीचे दारच नव्हते. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना त्यांनी लुगडे नेसविले. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुरा'त दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. या कमलाबाई पुढे गोखल्यांच्या घरात गेल्या, तरुणपणीच विधवा झाल्या, आणि नाटकांत कामे करून त्यांनी मुले वाढविली. चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले हे नातू. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतरा'च्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे रंगमंचावर आल्या आणि शिष्ट समाजाने टाळ्या वाजविल्या. टाळ्यांचे श्रेय ज्योत्स्नाबाईंना द्यावेच. पण वीस वर्षे आधी, टाळ्यांऐवजी टोमणे मिळत असता उभ्या राहिलेल्या मायलेकींना ते आधी द्यावे. तमाशाच्या फडांत तर स्त्रिया पिढ्यान् पिढ्या नाचत-गात-बोलत होत्या. तेथेही तीच उचल, तीच बैलगाडी. पण जातीमुळे त्या कलावंतांना नाटक मंडळीची पायरी कधी चढता आली नाही, आणि त्यांच्या उमेदवारीला आपण उमेदवारी म्हटलेही नाही. विठाबाई नारायणगावकरांचा २००२ सालचा हलाखीतला शेवट आठवावा.

१४ मार्च १९३१ ला मुंबईत 'आलम आरा' लागला. नाटक कंपन्या बोलपटाने मारल्या असे म्हणण्याचा प्रघात आहे. कर्जे, १९२३ चा करमणूक कर आणि भागीदारांची भांडणे यांनी त्या आधीच पोखरल्या होत्या; बोलपटाने शेवटचा धक्का दिला इतकेच. नाटकगृहांत पडदा टांगून चित्रपट दिसू लागले. कंपनी गेली तेव्हा प्रेक्षकांना नाटकांची उणीव भासली. उमेदवार नटाची मात्र सकाळची पंगत गेली, आणि तिच्या जागी दुसरी पंगत कोणी मांडली नाही.

मग काय झाले? ही गोष्ट मोठी मौजेची आहे. पंगत मांडली ती कचेऱ्यांनी. १९५४ पासून मुंबई राज्याच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या; बँकांतले, गिरण्यांतले, सरकारी खात्यांतले, महाविद्यालयांतले हौशी लोक संध्याकाळी तालमी करू लागले. पगार कचेरीचा, काम रंगभूमीचे. व्यावसायिक नाटकातही महिन्याचा पगार जाऊन 'नाईट' आली. जितके प्रयोग तितके पैसे. निळू फुले पुण्यात सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करीत आणि सेवादलाच्या कलापथकात उभे राहत. १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी' आला तोपर्यंत त्यांच्या उमेदवारीचा खर्च त्या बागेने सोसला. डॉ. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे शल्यविशारद. विद्यार्थिदशेपासून नाटक करीत होते. पण वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट झाले ते १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' रंगभूमीवर आले. ज्यांच्या हाती शस्त्रक्रियेची सुरी नव्हती, असे किती चाळिशीपर्यंत थांबू शकले असतील?

सरकारनेही आपला वाटा काही उचलला. १९५९ साली दिल्लीस राष्ट्रीय नाट्यविद्यालय निघाले आणि १९६० साली पुण्यात, 'प्रभात'च्याच जागेत, चित्रपटसंस्था. दिल्लीच्या विद्यालयात विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळते, म्हणजे शिकण्याच्या वर्षांची भाकर सरकारच्या खर्चाने. सांगलीच्या राजाने केले तेच हे. पण जागा साऱ्या देशाला मिळून मोजक्या, आणि बाहेर पडल्यावरचा रस्ता पुन्हा मुंबईचाच.

त्या मुंबईत आज लातूरहून, चंद्रपुराहून, सावंतवाडीहून मुले-मुली येतात. चौघे मिळून एक खोली घेतात. अभिनयाच्या वर्गाची फी भरतात, स्वतःची छायाचित्रे स्वतःच्या पैशाने काढवितात, आणि निवडचाचणीच्या रांगेत उभी राहतात. दूरचित्रवाणीच्या मालिकेत काम मिळालेच, तर मेहनताना पुष्कळदा नव्वद दिवसांनी हाती पडतो. शंभर वर्षांपूर्वी मालक नटाच्या घरी उचल देऊन त्याला आणीत असे. आज खोलीचे भाडे अंगावर असलेला नवखा नट तीन-तीन महिने निर्मात्याकडे आपले पैसे ठेवतो, आणि त्यावर व्याजही मागत नाही.