‘नुकसान गरिबाचंच होईल’ : एका वाक्याचा इतिहास

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत वादविवाद स्पर्धा झाली. विषय होता, ‘किमान वेतन वाढवावे की नाही?’ मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून परीक्षकाच्या खुर्चीत मलाच बसवले गेले. नववीतल्या एका मुलीने विरोधी बाजू मांडली. उच्चार स्वच्छ, मुद्दे क्रमाने. शेवटी ती म्हणाली, “मजुरी वाढवली तर कारखाने बंद पडतील आणि नुकसान गरिबाचंच होईल.” सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी तिलाच पहिला क्रमांक दिला. बोलली चांगले होती, तो तिचा हक्क होता.

घरी येताना मात्र ते वाक्य माझ्या मागे लागले. ते मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी त्या मुलीपेक्षाही लहान होते. सोलापुरात विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये अम्मीच्या बुरख्याचे टोक धरून उभी होते. अम्मी घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, त्यात पाने आणि तंबाखू. मजुरी हजार विड्यांवर. ब्रँचमधला कारकून वळलेल्या विड्या तपासायचा आणि त्यातून ‘छाट’ काढायचा, म्हणजे खराब ठरवलेल्या विड्या. त्यांचे पैसे नाहीत. त्या दिवसांत युनियनने दरवाढ मागितली होती. कारकून बायकांना अगदी घरच्या माणसासारखा समजावत होता, “दर वाढला तर मालक काम दुसरीकडे नेईल. नुकसान तुमचंच होईल, बघा.” अम्मीने मान डोलावली होती.

टाळ्या मिळवणाऱ्या त्या मुलीची आईही विड्याच वळते. हे मला तिच्या शाळेतल्या फॉर्मवरून माहीत होते. म्हणून ठरवले, या वाक्याचा इतिहास एकदा नीट तपासायचा. ते कोण बोलते, कुणाच्या नावाने बोलते, आणि पुढे खरोखर काय घडते?

सुरुवात इंग्लंडपासून करू, कारण किमान वेतनाचा कायदा तिथे आपल्या आधी झाला. १९०९ साली ब्रिटिश संसदेने ट्रेड बोर्ड्‌स ॲक्ट केला. विधेयक मांडणारा मंत्री होता विन्स्टन चर्चिल, जो पुढे पंतप्रधान झाला. तो काही मजुरांचा पुढारी नव्हता. त्याचा युक्तिवाद व्यापाऱ्याला पटेल असा होता : जिथे मजूर असंघटित आहे तिथे चांगल्या मालकाला वाईट मालकाशी स्पर्धा करावी लागते, वाईटाला त्याहून वाईटाशी, आणि सगळेच खाली घसरतात. कायदा सुरुवातीला फक्त चार धंद्यांना लागू झाला. त्यांतला एक साखळ्या बनवण्याचा होता.

क्रॅडली हीथ या गावात बायका घराच्या मागच्या अंगणातल्या भट्टीवर लोखंडी कड्या ठोकून साखळ्या बनवायच्या. १९१० मध्ये त्यांचा दर ताशी अडीच पेन्स ठरला. अनेकींची कमाई त्यामुळे जवळजवळ दुप्पट होणार होती. पण कायद्यात एक फट होती. मजुराने स्वतः लिहून दिले तर काही महिने जुन्या दराने काम करून घेता येत होते. मालकांनी कागद पुढे केले. ज्यांना वाचता येत नव्हते अशा बायकांनीही त्यावर सह्या किंवा खुणा केल्या. झाले, आता मालक सांगू शकत होते की बायकांनाच जुना दर मान्य आहे!

मेरी मॅकआर्थर या युनियनच्या नेत्या गावात आल्या. सुमारे ८०० बायकांनी नव्या दरासाठी लढा दिला. दहा आठवडे तो चालला, देशभरातून वर्गणी जमली, आणि २२ ऑक्टोबर १९१० रोजी शेवटच्या मालकानेही नवा दर कबूल केला. उरलेल्या वर्गणीतून गावात कामगारांसाठी एक इमारत उभी राहिली. साखळ्यांचा धंदा बंद पडला नाही.

आता आपल्याकडे येऊ. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात श्रम खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडले. स्वातंत्र्यानंतर जगजीवन राम श्रममंत्री असताना ते मंजूर झाले आणि १५ मार्च १९४८ पासून किमान वेतन कायदा लागू झाला. कायद्याच्या पहिल्याच यादीत गालिचे, तेल गिरण्या, खडी फोडणे, चामडे कमावणे आणि तंबाखू-विडी हे धंदे होते. या यादीतली माणसे कोण होती? दलित, मुसलमान, आदिवासी, विणकर, विधवा बायका. ज्यांची युनियन उभी राहणे कठीण, त्यांच्यासाठी तो कायदा होता.

कायद्याला पहिले मोठे आव्हान मिळाले ते अजमेरच्या एका कापड गिरणीकडून. ‘बिजय कॉटन मिल्स विरुद्ध अजमेर राज्य’ या नावाने हा खटला कायद्याच्या पुस्तकांत आहे. गिरणीत मजुराला महिना ३५ रुपये मिळत होते. १९५२ मध्ये सरकारने ५६ रुपये ठरवले. गिरणी बंद झाली. घरात चूल पेटेना, तेव्हा बहुतेक कामगार ३५ रुपयांवरच कामावर यायला तयार झाले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. व्यवसायाच्या मूलभूत स्वातंत्र्यावर हा घाला आहे, असा तिचा दावा होता. कामगारच कमी पगारावर राजी आहेत, हेही न्यायालयापुढे आले.

क्रॅडली हीथच्या सह्यांचे कागद आठवले ना? मध्ये चाळीसेक वर्षे गेली, देश बदलला, पण युक्तिवाद तोच राहिला.

१९५४ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. ज्याच्याकडे घासाघीस करण्याची ताकदच नाही, त्याच्या ‘राजी’ असण्याला फार अर्थ नसतो, आणि अशा मजुराला संरक्षण देणे हे सर्वांच्या हिताचेच आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. पुढच्या काही वर्षांत याच न्यायालयाने आणखी स्पष्ट भूमिका घेतली : जो उद्योग किमान वेतनही देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्क सांगता येत नाही.

हे वाक्य फक्त मालकच बोलतात, असेही नाही. सरकारही बोलते. राजस्थानने १९६४ मध्ये एक कायदा करून दुष्काळी कामांना कामगार कायद्यांतून सूट दिली होती. हेतू मदतीचा, म्हणून मजुरी कमी असली तरी चालेल, हा त्यामागचा विचार. अजमेर जिल्ह्यातल्याच एका रस्त्याच्या कामावर बायकांना किमान वेतनाहून कमी मजुरी मिळाली आणि प्रकरण दिल्लीला गेले. १९८३ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला की किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही वेठबिगारी आहे. दुष्काळात उपाशी माणूस मिळेल त्या पैशावर राबायला तयार होतो. ती त्याची मर्जी नसते, ती त्याची भूक असते.

पण मग कारकुनाची धमकी पोकळच होती का? नाही. आणि इथेच आपल्या बाजूच्या भाषणबाजांनीही प्रामाणिक राहायला हवे. काम खरोखर दुसरीकडे जाते. विडी धंद्यात तर ते सहज जाते. यंत्रे नाहीत, इमारत नाही. पाने आणि तंबाखू उचलायची आणि दुसऱ्या राज्यात वाटायची.

१९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी वेगळा कायदा झाला. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही त्यात कामगार मानले गेले. केरळ सरकारने तो लागू करायला घेतला, तेव्हा १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये मंगळूरच्या गणेश विडी कंपनीने कन्नूर भागातले आपले काम गुंडाळले. सुमारे बारा हजार माणसे एकदम बेकार झाली. ‘नुकसान गरिबाचंच होईल’ म्हणणारे त्या दिवशी खरे ठरले.

गोष्ट तिथे संपली असती, तर माझ्या विद्यार्थिनीचे भाषण तंतोतंत बरोबर ठरले असते. पण सरकारने कर्ज आणि भागभांडवल दिले, आणि १९६९ च्या फेब्रुवारीत कामगारांची स्वतःची सहकारी संस्था नोंदवली गेली. ती दिनेश विडी. कायद्याने ठरलेली मजुरी, बोनस, भविष्यनिर्वाह निधी हे सगळे देऊन संस्था बाजारात टिकली, आणि भरभराटीच्या काळात तिथल्या कामगारांची संख्या चाळीस हजारांच्या पुढे गेली. पुढे विडीची मागणी घटली तेव्हा संस्था मसाले, छत्र्या अशा दुसऱ्या मालाकडे वळली. कन्नूरच्या विडी कामगारांची एक रीत मला फार आवडते. हात विड्या वळत असताना एकजण सगळ्यांना मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. एका शिक्षिकेला याहून चांगला वर्ग कुठे दिसणार?

मालकांनीही कायद्याला आव्हान दिले होते. घरी विड्या वळणाऱ्यांशी आमचा थेट संबंध नाही, ठेकेदाराला विचारा, असे त्यांचे म्हणणे होते. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. कागदावर तरी माझी अम्मी ‘कामगार’ झाली होती, मी जन्मायच्या आधीच. तिला ते कुणी सांगितले नव्हते, एवढेच.

आता अर्थशास्त्रज्ञ काय म्हणतात? अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात १ एप्रिल १९९२ रोजी किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झाले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तेच राहिले. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड हॉटेलांचा अभ्यास केला. न्यू जर्सीतल्या नोकऱ्या कमी झाल्याचे त्यांना आढळले नाही. या निष्कर्षावर जोरदार वाद झाला आणि तो अजून पूर्ण मिटलेला नाही. पण वेतन वाढले की नोकऱ्या जाणारच, हा आधी सिद्धान्तासारखा सांगितला जाणारा दावा त्यानंतर तसा सांगता येईना. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. ब्रिटनमध्येही १९९७ च्या निवडणुकीत विरोधकांनी बेकारीची भीती घातली होती. १ एप्रिल १९९९ पासून ताशी ३.६० पौंडांचे वेतन लागू झाले, आणि २००० मध्ये त्याच हुजूर पक्षाने आपला विरोध सोडला. वेतन किती वाढवायचे याला मर्यादा असते, हे मान्य. ती मर्यादा मोजून सांगावी लागते, भीती घालून नव्हे.

दुसऱ्या बाजूचे भाषणही तपासायला हवे. मजुरांच्या बाजूने बोलणारे पुढारी आकडा जाहीर करतात, हार घालून घेतात आणि निघून जातात. १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतन कसे मोजावे हे ठरवून दिले होते : माणशी २,७०० उष्मांकांचे अन्न, चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, सरपण आणि दिवाबत्ती. म्हणजे मोजपट्टी साठहून अधिक वर्षांपासून हातात आहे. तरी देशपातळीवरचे किमान वेतन २०१७ मध्ये रोज १७६ रुपये होते आणि २०१९ मध्ये १७८ झाले. दोन रुपयांची वाढ! त्याच वर्षी सरकारनेच नेमलेल्या सत्पथी समितीने ३७५ रुपये सुचवले होते.

शिवाय आकडा वाढला तरी छाट काढणाऱ्या हातावर लक्ष कोण ठेवणार? अम्मीच्या काळात दर कधी कधी वाढला. दर वाढला की काही दिवस छाटही वाढायची. हिशेब पुन्हा तिथेच. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आमच्या मोहल्ल्यात लहान मुलालाही पाठ होती. पण मजुरी पूर्ण होती का, हे विचारायला कुणी शिकवले नव्हते.

स्पर्धेनंतर दोन दिवसांनी मी त्या मुलीला स्टाफरूममध्ये बोलावले आणि क्रॅडली हीथ, अजमेर आणि कन्नूरच्या गोष्टी सांगितल्या. ती जरा हिरमुसली. “टीचर, मग मी चुकीचं बोलले का?”

मी म्हटले, “बेटा, बोललीस छान. पण ज्यांच्याबद्दल बोललीस त्यांना विचारलं होतंस का?”

दुसऱ्या दिवशी तिने वहीचे एक पान आणून दिले. तिच्या अम्मीचा आठवड्याचा हिशेब होता. रोज किती तास, किती विड्या, हजारामागे किती छाट, पाने कमी पडली तर बाजारातून किती रुपयांची आणली. शेवटी तिने भागाकार करून ताशी मजुरी काढली होती. आकडा इथे देत नाही, तो तिच्या घरचा आहे. एवढेच सांगते की तो पाहून गणिताच्या सरांनी भागाकार पुन्हा करून बघितला. बरोबर होता.

ते पान मी स्पर्धेच्या फाइलमध्ये लावून ठेवले आहे. पुढच्या वर्षीही विषय हाच ठेवू या, असे मुख्याध्यापकांना सांगितले आहे. फक्त एक नियम वाढवायचा आहे : बोलायला उभे राहण्याआधी प्रत्येकाने एका तरी मजुराचा आठवड्याचा हिशेब लिहून आणायचा. मग बाजू कुठलीही मांडा.