तमाशाच्या फडांतील छायाचित्रकार

महाराष्ट्रांत छायाचित्रणाच्या कलेचा प्रवेश होऊन पावणेदोनशें वर्षें होत आलीं. तरी या कलेचा आणि तमाशाचा संबंध केव्हां आला, आणि आला तो इतक्या उशिरां कां आला, याचा विचार आमच्याकडे फारसा झालेला आढळत नाहीं. नाटकमंडळ्यांतील नटांचीं चित्रें मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत भिंतीवर लागलीं. बालगंधर्वांच्या स्त्रीवेषाचीं चित्रें तर ज्यांनीं त्यांचें गाणें कधींच ऐकलें नाहीं त्यांच्याही परिचयाचीं झालीं. परंतु त्याच काळांत ज्या कलावंतांस ऐकण्याकरितां खेड्यापाड्यांतील माणसें बैलगाड्या जुंपून येत आणि रात्र रात्र जागत, त्यांच्या मुद्रा जपून ठेवण्याची गरज कोणास वाटली नाहीं. प्रस्तुत लेखांत या प्रश्नाचा विचार आम्ही एकाच मुलखाच्या अनुरोधानें करणार आहों. तो मुलूख म्हणजे अहमदनगर, अर्थात् २०२४ पासूनचा अहिल्यानगर जिल्हा, आणि त्यांतही विशेषेंकरून संगमनेर तालुका.

संगमनेरची निवड आम्ही उगीच केलेली नाहीं. अनंत फंदी (१७४४-१८१९) हा शाहीर या गांवचा. त्याचा तमाशा उत्तर पेशवाईंत गाजला, आणि पुढें तो तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला. अहिल्याबाई होळकरांनीं केलेल्या उपदेशामुळें हा पालट झाला, अशी परंपरागत कथा आहे. अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यांतील जामखेड तालुक्यांत चौंडी येथें १७२५ सालीं झाला. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यांत तमाशाविषयींची शिष्टांची भूमिका मात्र पुरी उतरली आहे: गुण मान्य, परंतु गुणाची जागा अमान्य. या एका भूमिकेनें पुढील दीडशें वर्षांत तमाशाचें किती नुकसान केलें, त्याचा हिशोब मांडूं लागल्यास छायाचित्रांचा अभाव ही त्यांतील लहानशीच बाब ठरेल. परंतु लहान बाबींतही मोठ्या गोष्टी दिसतात.

याच तालुक्यांतील हिंवरगांव पावसा हें पवळाबाईंचें गांव. स्त्रियांच्या भूमिका नाच्यानें करावयाच्या, या रूढीच्या काळांत ती स्वतः बोर्डावर उभी राहिली. शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांची आणि तिची जोडी मराठी मुलखांत सर्वतोमुखी झाली. बापूराव हे रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी, जातीनें ब्राह्मण, पवळा महार. या जोडीवर गांवानें, जातीनें आणि कोर्टकचेऱ्यांच्या जगानें काय काय बोल लाविले ते येथें सांगत बसत नाहीं. एक हकीकत मात्र सांगितलीच पाहिजे. बापूरावांनीं आपल्या खेळाचें उत्पन्न अस्पृश्योद्धाराच्या चळवळीस देऊं केलें, परंतु डॉ. आंबेडकरांनीं समाजांतील स्त्रीस नाचवून मिळविलेला पैसा म्हणून तें नाकारलें, असें सांगतात. ही हकीकत अनेक रूपांनीं प्रचलित आहे. तिच्यांतील प्रश्न आजही शिळा झालेला नाहीं. बोर्डावरील स्त्रीकडे पाहणारा कोण, आणि त्या पाहण्याचा लाभ कोणास, असा तो प्रश्न आहे. आणि कॅमेरा घेऊन फडांत शिरणाऱ्या माणसास तो चुकवितां येत नाहीं.

आतां छायाचित्रणाकडे वळूं. मुंबईची छायाचित्रण संस्था १८५४ मध्यें स्थापन झाली, आणि डॉ. नारायण दाजी व हरिश्चंद्र चिंतामण या एतद्देशीय गृहस्थांनीं त्या पहिल्या काळांतच या कलेंत नांव मिळविलें. पण त्या वेळच्या पद्धतीची अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. कांचेवर रसायनाचा ओला थर द्यावयाचा, तो सुकण्यापूर्वींच चित्र घ्यावयाचें, आणि तत्काळ काळोख्या तंबूंत जाऊन तें प्रकट करावयाचें. म्हणजे छायाचित्रकाराच्या मागें एक गाडीभर सामान आलेंच. शिवाय चित्र उमटण्यास भर उन्हांतही कांहीं सेकंद लागत. तेवढा वेळ डोंगर स्थिर राहतो, देऊळ राहतें, फार तर राजेसाहेब राहतात. लावणी म्हणणारी स्त्री राहत नाहीं. तिचा खेळ तर रात्रीं, टेंभ्यांच्या आणि पलित्यांच्या उजेडांत! एवंच, त्या काळीं तमाशाचें खरें चित्र घेणें शक्यच नव्हतें. नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रियांचीं जीं चित्रें निघालीं तीं दिवसा, पडद्यापुढें, उभें करून घेतलेलीं. विल्यम जॉन्सनचा मुंबईच्या जातिजमातींचा संग्रह (१८६३-६६) किंवा सरकारनें आठ खंडांत काढलेला हिंदुस्थानच्या लोकांचा चित्रसंग्रह (१८६८-७५) हीं पुस्तकें उघडून पाहावीं. त्यांत माणसें जातीचे नमुने म्हणून उभीं आहेत; नांव बहुधा जातीचें, माणसाचें नव्हे. ज्याचें नांव विचारलें नाहीं त्याचें गाणें कोण ऐकणार?

पुढें साधनें सुधारलीं. कोरड्या कांचा आल्या, १८८७ च्या सुमारास मॅग्नेशियमची भुकटी पेटवून रात्रीं चित्र घेण्याची युक्ति निघाली, १९२५ मध्यें खिशांत मावणारा लायका कॅमेरा बाजारांत आला. म्हणजे पवळाबाईंच्या हयातीच्या उत्तरार्धांत साधनांची सबब उरली नव्हती. उरली होती ती केवळ उपेक्षा. ध्वनिमुद्रिकांनीं आवाज पकडला खरा, परंतु दहा इंची तबकडीची मर्यादा तीन मिनिटांची. जी लावणी फडांत ढोलकीच्या चढाओढीनें आणि श्रोत्यांच्या फर्माइशीनें वाढत जाते, ती तीन मिनिटांत बसवायची म्हणजे नदी घागरींत भरण्यासारखेंच. तबकडीला मुद्रा नाहीं, छायाचित्राला आवाज नाहीं. आणि दोन्ही जेथें एकत्र आलीं त्या चित्रपटानें तमाशाचें वेगळेंच रूप लोकांपुढें ठेविलें. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७), ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटांची लोकप्रियता आम्ही नाकारीत नाहीं. परंतु शहरांतील प्रेक्षकाच्या मनांत तमाशाची जी मूर्ति आहे ती बहुतांशीं या पडद्यावरून आलेली, स्टुडिओच्या दिव्यांत घासूनपुसून काढलेली आहे. तींत ट्रकांतला प्रवास नाहीं, धुळीचा वास नाहीं, आणि सकाळचें उचलखाऊ पैशांचें गणितही नाहीं.

ही उणीव भरून काढण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न पुण्याचे छायाचित्रकार संदेश भंडारे यांनीं केला. बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या संस्थेचें साहाय्य त्यांस मिळालें. फडांबरोबर ते हिंडले, आणि त्यांतून ‘तमाशा: एक रांगडी गंमत’ हें पुस्तक लोकवाङ्मय गृहानें २००६ मध्यें प्रसिद्ध केलें. वारीवरही त्यांचें छायाचित्रांचें पुस्तक आहे. वारी आणि तमाशा हे दोन्ही विषय एकाच माणसास ओढून घेतात यांत आम्हांस विसंगति दिसत नाहीं. दोहोंतही गाणें चालत असतें आणि गाणारे चालत असतात. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून पंढरीस जातांना याच जिल्ह्यांतून जाते, आणि ज्या वाटांनीं टाळ-मृदंग आषाढांत जातात त्याच वाटांनीं हिंवाळ्यांत ढोलकी-हलगी जाते.

फडाबरोबर हिंडणें म्हणजे काय, हें ज्यांस ठाऊक नाहीं त्यांच्याकरितां थोडें सांगतों. दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडलेला फड वैशाख संपेपर्यंत घर पाहत नाहीं. आरंभीं तंबूकनात लावून तिकिटावर खेळ. पुढें चैत्र-वैशाखांत गांवोगांवच्या जत्रा सुरू झाल्या म्हणजे सुपारीचे खेळ. या सुपाऱ्या ठरविण्याकरितां फडमालक पुणें-नाशिक रस्त्यावर नारायणगांव येथें राहुट्या ठोकून बसतात, आणि गांवोगांवचे पंच तेथें येऊन सौदा करतात. मोठ्या फडांत शंभराहून अधिक माणसें असतात: गाणारे, नाचणाऱ्या, ढोलकीवाले, सोंगाडे, आचारी, वायरमन, तंबू उभारणारे बिगारी, आणि आयांच्या मागोमाग फिरणारीं मुलें. रात्रीं गणानें आरंभ, मग गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटीं वग. पहांटे तंबू उतरवून माणसें ट्रकांत सामानावर झोपतात, आणि डोळे उघडतात तों पुढचें गांव आलेलें असतें. अशा क्रमांत एक रात्र येऊन गेलेल्या छायाचित्रकारास केवळ नाच दिसतो. मुक्कामामागून मुक्काम बरोबर करील त्यास चेहऱ्यास रंग लावतां लावतां लेकराला घास भरविणारी स्त्री दिसते, वगांतला राजा पाण्याची बादली वाहतांना दिसतो, आणि ढोलकीवाला स्वर लावतांना कान कसा कलता धरतो तें दिसतें.

या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. गाण्याचें छायाचित्र चांगलें केव्हां म्हणावें? गाणाराचें तोंड उघडें आहे आणि हात वर आहे, एवढ्यानें तें गाण्याचें चित्र होत नाहीं. झीलकरी तुणतुणें धरून मागें उभा असतो. त्याची नजर पुढच्या गाणाराच्या पाठीवर खिळलेली असते, कारण पद कोठें सुटणार आणि आपण तें कोठें झेलणार हें त्यास त्या पाठीवरून कळतें. ती नजर चित्रांत आली तर पाहणारास सूर ऐकूं न येतांही गाण्याची जागा कळते. असें चित्र घेण्यास गाणें कळावें लागतें. निदान पुष्कळ वेळां ऐकलेलें असावें लागतें. सहवासानें छायाचित्रकाराच्या हातीं येतें तें हेंच.

अर्थात् या पाहण्यास दुसरी बाजू आहे. जामखेडसारख्या ठिकाणीं संगीतबारीचीं कलाकेंद्रें आहेत. तेथें कला बैठकीची, प्रेक्षक थोडे, आणि कलावंत स्त्रीस आपलें चित्र कोठें जाईल याची धास्ती अधिक. गांवाकडे मुलें शाळेंत असतात. आईचा व्यवसाय तेथें सर्वांस माहीत असतोच असें नाहीं. पूर्वीं निदान कॅमेरावाला एक असे आणि त्यास नको म्हणतां येई. आज प्रेक्षकांतील प्रत्येक हातांत मोबाईल आहे. ढोलकीच्या एका तुकड्यावरील अर्ध्या मिनिटाचें चलच्चित्र खेळ संपण्यापूर्वीं परगांवीं पोहोंचतें, आणि त्यांतून गण गळतो, वग गळतो, गाणाऱ्या स्त्रीचें नांवही गळतें. जॉन्सनच्या संग्रहांतील नमुन्यांत आणि या चित्रांत फरक आम्हांस फार थोडा वाटतो. तेव्हां एक साहेब पाहत होता, आतां सारा गांव पाहतो, एवढाच. पवळाबाईंच्या काळीं चित्रें झालीं नाहींत, आतां मोजतां येणार नाहींत इतकीं होतात. कलावंताची संमति मात्र त्या वेळीं कोणीं विचारली नव्हती आणि आजही क्वचितच विचारली जाते.

संगमनेरच्याच कांताबाई सातारकर यांचें उदाहरण या संदर्भांत आठवतें. त्यांचा जन्म गुजरातेंतला, बालपण साताऱ्याचें, आणि कर्तृत्व संगमनेरचें. तुकाराम खेडकरांच्या फडांत त्यांनीं नांव कमाविलें. खेडकरांच्या निधनानंतर मुलांबाळांसह हलाखी सोसून त्यांनीं स्वतःचा फड उभा केला, आणि पुढें तो पुत्र रघुवीर खेडकर यांच्या नांवाबरोबर चालला. वगांत पुरुषाची, प्रसंगीं छत्रपतींची भूमिका त्या करीत. ज्या परंपरेंत पुरुष स्त्रीवेष घेई त्याच परंपरेंत एका स्त्रीनें राजवेष घालून हजारों गांवकऱ्यांपुढें उभें राहावें, ही गोष्ट शब्दांनीं सांगून पटण्यासारखी नाहीं; तिला चित्रच पाहिजे. २०२० आणि २०२१ या दोन हंगामांत साथीमुळें जत्रा बंद पडल्या आणि फड घरीं बसले. २५ मे २०२१ रोजीं कांताबाईंचें संगमनेर येथें निधन झालें.

त्यांच्या पिढीतील झीलकरी, हलगीवाले, सोंगाडे यांपैकीं जे आज हयात आहेत त्यांच्या पेट्यांत, पत्र्याच्या डब्यांत, जत्रेंतल्या फोटोवाल्याकडून काढून घेतलेलीं चित्रें असतात. कित्येकांच्या कडा वाळवीनें खाल्लेल्या असतात. मागें कोण उभें आहे, तुणतुणें कोणाच्या हातीं आहे, हें सांगूं शकणारीं माणसें वर्षागणिक कमी होत आहेत. संगमनेर-अकोल्याकडील महाविद्यालयांनीं आणि ग्रंथालयांनीं विद्यार्थ्यांस या घरीं पाठवावें, चित्राची प्रत घेऊन मूळ चित्र मालकास तेथेंच परत द्यावें, आणि प्रत्येक मुद्रेखालीं तिचें नांव, गांव व वाद्य लिहून घ्यावें, अशी आमची सूचना आहे. खर्च थोडा आहे. पुढचा हंगाम दसऱ्यास सुरू होईल. त्यापूर्वीं पावसाळ्याचे चार महिने हीं माणसें घरीं असतात.