गोष्टीचा तास व हस्तकृती-संच (बारामती–इंदापूर परिसर)

तीन ते आठ वर्षांच्या मुलांना ग्रंथालयात, बालवाडीत किंवा अंगणवाडीत गोष्ट सांगणे अथवा चित्रपुस्तक दाखवत वाचणे, आणि लगेच त्याच गोष्टीवरचे कागदकाम, मातकाम, ठसेकाम किंवा बाहुलीकाम त्यांच्या हातून करून घेणे, असा हा जोड उपक्रम आहे. लागणारे साहित्य आधी मोजून एका पिशवीत वा डब्यात भरून ठेवतात, त्याला हस्तकृती-संच म्हणतात. संच जागेवरच वापरला जातो किंवा पुस्तकाबरोबर घरी दिला जातो. हातकाम गोष्टीतून निघालेले असावे, हा या उपक्रमाचा कणा. गोष्ट सशाची आणि संच आकाशकंदिलाचा असेल, तर तो केवळ हस्तव्यवसायाचा तास होतो.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांत गोष्टीचा तास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजला. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण बडोद्याचे. सयाजीराव गायकवाड यांनी 1910 मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होते, त्यात पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले असत. फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या खेड्यांत पाठवल्या जात. साहित्य एका पेटीत भरून मुलापर्यंत पोचवायचे, या कल्पनेचे मूळ या पेट्यांपर्यंत नेता येते.

महाराष्ट्रात कथाकथनाला संघटित रूप दिले ते साने गुरुजी कथामालेने. साने गुरुजींचे निधन 11 जून 1950 रोजी झाले. त्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकर यांच्या पुढाकाराने कथामाला सुरू झाली आणि शाळाशाळांतून तिच्या शाखा निघाल्या. कथामालेचा भर सांगण्यावर आणि संस्कारावर होता, हातकामावर कमी. कथाकथन आणि हस्तव्यवसाय हे दोन प्रवाह मराठी बालशिक्षणात बराच काळ समांतर वाहिले. त्यांना एकत्र आणण्याचे श्रेय बालवाडीच्या चळवळीकडे जाते, आणि त्या चळवळीचा एक धागा थेट बारामती तालुक्यात निघतो.

अनुताई वाघ (17 मार्च 1910 – 27 सप्टेंबर 1992) : जन्म बारामती तालुक्यातील मोरगाव येथे. मोरगाव अष्टविनायकांतील मयूरेश्वराचे स्थान म्हणून सर्वज्ञात आहे. अनुताईंचे जन्मगाव म्हणूनही ते तितकेच ओळखले जावे. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्यानंतर त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागा शाळेत त्यांनी अध्यापन केले. 1945 मध्ये त्या ताराबाई मोडक (1892–1973) यांच्याबरोबर डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे गेल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम उभे राहिले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर हलले. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला होता. माँटेसोरी पद्धतीची महाग साधने खेड्यातल्या बालवाडीला परवडत नाहीत, हे दोघींच्या लक्षात आले. त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने, माती आणि गावच्या सुताराने केलेली लाकडी साधने वापरून तीच कामे घेतली. मूल बालवाडीत येत नाही म्हटल्यावर बालवाडीच त्याच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठीची कुरणशाळा याच कामातून आली. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांनी सुरू झाली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. अनुताईंना 1984 मध्ये पद्मश्री मिळाली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. आजचा हस्तकृती-संच म्हणजे या विचाराचे पिशवीत मावणारे रूप आहे. तयार संच विकत घेण्यापूर्वी बालवाडीच्या ताईंनी आणि ग्रंथपालांनी अनुताईंचे काम डोळ्यांखालून घालणे अत्यावश्यक आहे.

साहित्य : बाजारात मिळणाऱ्या संचात घोटीव कागद, कार्डशीट, बोथट टोकाची कात्री, तेलखडू, आइस्क्रीमच्या काड्या आणि गोंद असतो. परिसरातल्या वस्तूंनी भरलेला संच स्वस्त पडतो आणि मुलाला ओळखीचा वाटतो. नीरा डाव्या कालव्याखालचा भाग बागायती व उसाचा, उरलेला जिरायती व ज्वारीचा. त्यामुळे दोन्ही तालुक्यांत साहित्य जागेनुसार बदलते.

ज्वारीचे धाट हे सर्वांत गुणी साहित्य. सोलल्यावर वरचे टणक सालपट आणि आतला मऊ, हलका गाभा वेगळा होतो. गाभ्याच्या तुकड्यात सालपटाची काडी खुपसली की जोड पक्का बसतो, गोंद लागत नाही. बैलगाडी, चष्मा, तराजू, चार पायांचा कोणताही प्राणी यातून होतो. सालपटाची कड धारदार असते, म्हणून सोलण्याचे काम मोठ्यांनी करावे आणि संचात सोललेले, टोके बोथट केलेले तुकडेच घालावेत. उसाचे पाचट मुबलक असले तरी त्याच्या कडा हात कापतात, लहान मुलांना ते देऊ नये. उसाचा वाळलेला तुरा मात्र ब्रश, झाडू, शेपूट म्हणून चालतो.

चिंचोक्याचे उपयोग दोन. एका बाजूने घासून पांढरे केलेले चिंचोके फासे म्हणून जुन्या घरगुती खेळांत असतच. गोष्टीतील पात्राला ‘किती घरे पुढे जायचे’ हे त्यांवरून ठरवता येते. दुसरा उपयोग खळीचा. चिंचोक्याच्या पिठाची शिजवलेली खळ घोंगडीला देतात, तीच कागद व कापड चिकटवायला उत्तम. बारामती–इंदापूर भागात धनगर समाजाची वस्ती मोठी आहे, त्यामुळे लोकरीचे तुकडेही सहज मिळतात. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती चिंचोके, मणी, गुंजा मुळीच देऊ नयेत. गुंज तर विषारी आहे. कोणत्याही वयाच्या संचात तिला जागा नाही.

टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याची पद्धत पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी रुजवली (पद्मश्री, 2018). काडेपेटी, सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब, वर्तमानपत्र ही त्यांची साधने. त्यांचा रोख विज्ञानावर आहे, पण घडीकामाच्या टोप्या आणि हलणारे पक्षी गोष्टीच्या तासाला जसेच्या तसे चालतात. शारदानगर (बारामती) येथे 2022 मध्ये सुरू झालेले विज्ञान व नवोन्मेष केंद्र शाळकरी मुलांसाठी आहे.

स्थानिक विषय : संत तुकाराम महाराजांची पालखी दोन्ही तालुक्यांतून जाते. काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी व इंदापूरचे मुक्काम हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. त्यामुळे पालखीवरची गोष्ट सांगताना वर्णनाची गरज उरत नाही, थेट पताका, टाळ, लोकरीच्या मेंढ्या करायला घेता येतात. आषाढाआधीचे आठवडे यासाठी योग्य. हिवाळ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवण व कुंभारगावच्या पाण्यात, रोहित पक्षी येतात. गुलाबी कागद, लांब पाय आणि वळलेली चोच यांचा मुखवटा किंवा काठीबाहुली सोपी आहे. पळसदेव येथील पळसनाथाचे जुने मंदिर याच धरणाच्या पाण्याखाली असते आणि दुष्काळात पाणी ओसरले की वर येते. मोठ्या गटासाठी हा विषय विलक्षण आहे: मातीचे मंदिर परातीत ठेवून पाणी भरायचे आणि काढायचे. अष्टविनायकाच्या गोष्टी मोरगाव परिसरात घराघरांत सांगितल्या जातात. कवी मोरोपंत (1729–1794) बारामतीस राहिले. मात्र त्यांचे काव्य या वयोगटाचे नव्हे.

ऊसतोड मजुरांची मुले : माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी या कारखान्यांच्या गाळप हंगामात बीड, अहिल्यानगर इत्यादी जिल्ह्यांतून टोळ्या येतात. मुले पालांवर व कोप्यांवर राहतात, हंगाम संपला की परत जातात. साखरशाळांची व्यवस्था मुख्यतः सहा वर्षांपुढच्या मुलांचा विचार करते. धाकटी भावंडे फडात किंवा कोपीवर थोरल्या बहिणीकडे असतात. ग्रंथालयाच्या सभासदत्वाला कायमचा पत्ता आणि अनामत लागते, ती या कुटुंबांकडे नसते. म्हणून परत न मागता द्यायचा संच येथे सर्वांत जास्त उपयोगी, आणि ग्रंथालयांनी आपला पहिला संच याच मुलांसाठी भरावा.

कायदा व अनुदान : महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असून अनुदान वर्गानुसार मिळते. वर्गवारीचा भर ग्रंथसंख्या, नियतकालिके, कामाचे तास अशा मोजता येणाऱ्या बाबींवर आहे. पिशवीत बांधलेला आणि महिन्याभरात वापरून संपणारा संच दाखलनोंदवहीत बसत नाही. त्यामुळे त्याचा खर्च बहुधा देणगीतून किंवा ग्रंथपालाच्या पदरातून होतो. नियमांत बालविभागासाठी ‘उपभोग्य साहित्य’ असे स्वतंत्र शीर्ष असणे न्याय्य ठरेल.

शासकीय संच : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मानला. त्याला अनुसरून 20 फेब्रुवारी 2023 रोजी ‘जादुई पिटारा’ हा खेळणी, कोडी, चित्रपट्ट्या, बाहुल्या व गोष्टींचा संच प्रकाशित झाला.

पुस्तके : माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके या तासासाठी अग्रक्रमाने घ्यावीत. ‘राधाचं घर’ आणि ‘यश’च्या गोष्टी साध्या घरगुती प्रसंगांच्या आहेत, त्यांतून घर, माणसे, भांडी करून पाहता येतात. त्यांनी संपादित केलेले ‘वाचू आनंदे’ (ज्योत्स्ना प्रकाशन) बालगट व कुमारगट अशा भागांत आहे. पुरंदरे यांना 2014 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

दिनविशेष : राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह 14 ते 20 नोव्हेंबर असून त्याचा पहिला दिवस बालदिन आहे. 15 ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन.

डिजिटल साधने : प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथा विनामूल्य मिळतात व छापून घेता येतात.