खोटा बँड, खरे फॅन आणि २२ वर्षांचे फक्त ८१ डॉलर : स्पायनल टॅपची गोष्ट

गिटारचा आवाज वाढवायला जो अ‍ॅम्प असतो, त्याच्या बटणावर साधारण १० पर्यंत आकडे असतात. स्पायनल टॅपचा गिटारिस्ट नायजेल टफनेल मात्र मुलाखत घेणाऱ्याला छाती फुगवून दाखवतो, आमच्याकडे ११ आहे. समोरचा विचारतो, मग १० चाच आवाज जास्त मोठा का नाही केला? नायजेल विचारात पडतो. आणि पुन्हा तेच सांगतो, याच्यावर ११ आहे.

हा सीन तुम्ही रीलवर कधीतरी पाहिला असेल. पण यातला नायजेल खरा नाही, मुलाखत घेणारा खरा नाही आणि बँडही खरा नाही. निदान सुरुवातीला तरी नव्हता.

झालं असं की, १९७९ मध्ये अमेरिकेच्या एबीसी चॅनलवरच्या एका कॉमेडी कार्यक्रमात मायकेल मॅकीन, क्रिस्टोफर गेस्ट आणि हॅरी शीरर हे तिघे ब्रिटिश रॉक बँड बनून आले. केस लांब, अक्कल आखूड. सोबत होता रॉब रायनर. या चौघांनी पुढे ठरवलं की यावर सिनेमा करायचा. स्क्रिप्ट लिहायला पैसे मिळाले, तर त्यांनी स्क्रिप्ट न लिहिता त्यातून वीस मिनिटांची फिल्मच शूट करून दाखवली.

त्यातून १९८४ ला ‘धिस इज स्पायनल टॅप’ आला. दिग्दर्शक रायनर. डॉक्युमेंटरीसारखी दिसणारी पण पूर्ण खोटी गोष्ट. बहुतेक संवाद कॅमेऱ्यासमोर ऐनवेळी सुचलेले. गाणी मात्र तिघांनी स्वतः बनवली आणि स्वतःच वाजवली. पुढे सगळी गंमत झाली ती यामुळेच.

बँडचे ड्रमर एकामागून एक मरतात. एक बागकाम करताना, एक तर स्टेजवरच आपोआप पेट घेऊन. स्टेजवर १८ फुटी स्टोनहेंज हवं असतं, पण कागदावर फुटांऐवजी इंचाची खूण पडते आणि वरून खाली उतरतं ते दीड फुटाचं खेळणं. ब्लॅक सबाथच्या बाबतीत १९८३ मध्ये नेमकं उलटं झालं होतं. फुटांऐवजी मीटर धरले गेले आणि स्टोनहेंज स्टेजवर मावेचना, असं बँडचेच लोक सांगतात.

म्हणूनच असेल, हा सिनेमा बघून खऱ्या रॉकस्टार मंडळींना हसू कमी आणि घाम जास्त फुटला. साध्या प्रेक्षकांपैकी काहींनी तर रायनरला विचारलं, कुणी नाव न ऐकलेल्या बँडवर डॉक्युमेंटरी कशाला काढली?

थिएटरमध्ये सिनेमा बेताचाच चालला, पसरला तो व्हिडिओ कॅसेटवर. आणि मग खोटा बँड खरे शो करायला लागला. १९९२ मध्ये ‘ब्रेक लाइक द विंड’ हा अल्बम आला. त्याच वर्षी वेम्बली स्टेडियमवर फ्रेडी मर्क्युरीच्या स्मरणार्थ झालेल्या कॉन्सर्टमध्ये ते वाजवून आले. २००७ ला लाइव्ह अर्थ, २००९ ला ग्लास्टनबरी आणि ‘बॅक फ्रॉम द डेड’ अल्बम, त्याला ग्रॅमी नामांकन. बीबीसीच्या आयप्लेअरवर आणि टेस्लाच्या गाडीत आवाज ११ पर्यंत जातो, तोही यांच्यामुळेच.

मग पैसे किती मिळाले असतील?

करारानुसार चौघांना निव्वळ कमाईतले ४० टक्के मिळायचे होते. सिनेमाचे हक्क मात्र एका कंपनीकडून दुसरीकडे फिरत फ्रान्सच्या व्हिवेंडी समूहाकडे पोहोचले. चौघांच्या म्हणण्यानुसार, १९८४ ते २००६ या काळात टी-शर्ट, बाहुल्या वगैरे जगभर विकलेल्या मालातला त्यांचा वाटा कंपनीने दाखवला ८१ डॉलर. आजच्या भावाने सात हजार रुपयांच्या आसपास. तोही चौघांत मिळून. गाण्यांचे १९८९ ते २००६ चे ९८ डॉलर.

हिशोबाची ही तऱ्हा हॉलीवूडमध्ये जुनी आहे. खर्च इतके दाखवायचे की ‘निव्वळ’ काही उरतच नाही.

२०१६ मध्ये शीरर कोर्टात गेला. पुढच्या वर्षी बाकीचे तिघेही आले आणि दावा ४० कोटी डॉलरवर पोहोचला. भांडण नुसतं पैशांचं नव्हतं. अमेरिकेच्या कायद्यात निर्मात्याला ३५ वर्षांनी आपले हक्क परत मागता येतात. कंपनीचं म्हणणं, तुम्ही आमच्यासाठी काम केलंत, त्यामुळे हा नियम तुम्हाला नाही. शेवटी निकाल लागलाच नाही, तडजोड झाली. २०१९ ला गाण्यांबाबत, २०२० ला सिनेमाबाबत. हक्क पुन्हा चौघांच्या हातात आले आणि दुसऱ्या भागाचा रस्ता मोकळा झाला.

‘स्पायनल टॅप २’ सप्टेंबर २०२५ मध्ये आला. कथा काय, तर एका जुन्या करारापायी बँडला शेवटचा शो करावाच लागतो. मॅनेजरच्या मुलीला वारशात मिळालेला कागद! पॉल मॅकार्टनी आणि एल्टन जॉन स्वतःच्याच भूमिकेत आहेत. ड्रमर म्हणून मेटालिकाच्या लार्स उलरिकला विचारलं जातं, तर तो जिवाच्या भीतीने नाही म्हणतो.

सिनेमा येऊन तीन महिने होत होते तोच, डिसेंबर २०२५ मध्ये रॉब रायनर गेले. दिग्दर्शक म्हणून त्यांच्या हयातीत आलेला हा शेवटचा सिनेमा.