नहेम्याचा कोट आणि खानदेशचे शेत

इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत राष्ट्र मुक्त झाले म्हणजे बहुधा प्रकरण संपते. सन येतो, जयघोषाचे वर्णन येते आणि पुढच्या पानावर निराळाच विषय सुरू होतो. बायबलातील ‘निर्गम’ ह्या ग्रंथाची मांडणी ह्याच्या अगदी उलट आहे. त्याचे अध्याय ४०. परंतु मिसर देशाच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक समुद्र ओलांडून मोकळे होतात ते १४ व्या अध्यायातच. त्यानंतरचा बहुतेक मजकूर, आणि पुढचे ग्रंथही, एकाच विवंचनेत खर्ची पडले आहेत. सुटलो खरे, पण आता एकत्र राहायचे कसे? हा प्रश्न आपल्या खानदेशालाही पडला होता. त्याची दोन्हीकडची उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

मोशेच्या नावावर असलेल्या नियमशास्त्रात जमिनीविषयी एक विलक्षण कलम आहे. ‘लेवीय’ ग्रंथाच्या २५ व्या अध्यायाप्रमाणे पन्नासावे वर्ष हे योबेल वर्ष. गरिबीमुळे कोणी शेत विकले असेल, तर त्या वर्षी ते मूळ कुळाकडे परत जावे. जमीन परमेश्वराची, माणसे तिच्यावरची उपरी. तेव्हा कायमचे खरेदीखत होऊच शकत नाही. हे योबेल प्रत्यक्षात कधी पाळले गेले की नाही, ह्याविषयी विद्वानांना शंका आहे. मला मात्र त्यामागचे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. तुम्ही स्वतः मिसरात दास होता, ही आठवण कायद्याचा आधार म्हणून पुनःपुन्हा सांगितली आहे. दास्याची स्मृती अभिमानासाठी राखलेली नाही. ती सावकारीला लगाम घालण्यासाठी राखली आहे.

ही स्मृती किती लवकर पुसते, हे नहेम्याच्या वृत्तान्तात दिसते. पारसचा राजा कोरेश ह्याने इ. स. पू. ५३८ च्या सुमारास बाबेलातील यहुद्यांना मायदेशी परतण्याची मोकळीक दिली. मंदिर इ. स. पू. ५१५ च्या सुमारास पुरे झाले. पुढे इ. स. पू. ४४५ मध्ये नहेम्या यरुशलेमास आला आणि त्याने पडलेला कोट बांधावयास घेतला. सोनार, गांधी, व्यापारी सारेच कामाला लागले. पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग उचलला. बावन्न दिवसांत कोट उभा राहिला. पण काम चालू असतानाच गरिबांची आणि त्यांच्या बायकांची ओरड झाली: धान्यासाठी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण पडली, राजाचा सारा भरण्यासाठी कर्ज काढावे लागले, लेकरे दास्यात चालली. आणि हे सावकार परके नव्हते, आपलेच भाऊबंद होते. नहेम्याने सभा बोलावून त्यांना जाब विचारला. परक्यांच्या हातून सोडविलेल्या भावांना तुम्हीच विकता काय? त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. शेते, मळे, घरे आणि घेतलेले व्याजही परत करण्याची शपथ त्याने त्यांच्याकडून घेतली.

आता खानदेश. १८१८ साली हा प्रांत इंग्रजांकडे गेला आणि १८२५ मध्ये औट्रॅमने भिल्ल पलटण उभारली. बंदोबस्त झाला, मोजणी झाली, सारा ठरला आणि जमीन विकता-गहाण टाकता येईल अशी वस्तू बनली. तापीकाठच्या शहादे-तळोदे भागातील काळी कसदार जमीन भिल्लांच्या हातून सावकारांकडे व सधन शेतकऱ्यांकडे सरकत गेली. पावसाळ्यात खावटी उचलायची आणि तिच्या फेडीसाठी त्याच शेतावर सालदार म्हणून राबायचे, असा क्रम पडला. नहेम्यापुढे ज्या बायका रडल्या, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागला नसता.

डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशात फैजपूर येथे, खेड्यात भरलेले पहिले काँग्रेस अधिवेशन झाले. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. शेतसारा व खंड कमी करावा, कर्जाचा बोजा हलका करावा, असा शेतकरी कार्यक्रम तेथे मान्य झाला. म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीच प्रश्न नेमका मांडला गेला होता. पण नहेम्याचा ‘भाऊबंद’ हा शब्द आपल्याकडे लागू पडत नव्हता. यरुशलेमचा सावकार लाजला, कारण कर्जदार आपल्याच रक्ताचा आहे हे त्याला नाकारता येत नव्हते. शहाद्याच्या जमीनदाराला सालदार भिल्ल भाऊ वाटतच नव्हता. मग लाजणार कोण?

म्हणून भिल्लांना आधी स्वतःचा समाज बांधावा लागला. तळोद्याजवळच्या मोरवडच्या गुला महाराजांनी दारू सोडा, स्वच्छ राहा, असा उपदेश आरंभिला. त्यांच्या पंथाला ‘आप धर्म’ म्हणतात. १९३८ मध्ये ते वारले व बंधू रामदास महाराजांनी कार्य पुढे चालविले. स्वातंत्र्यानंतर भजने गाणारे अंबरसिंग सुरतवंती त्याच वाटेने निघाले, पण भजनावरून ते शेताच्या प्रश्नावर आले. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भू-मुक्ती मेळावा भरला. त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. स्त्रियांनी दारूची मडकी फोडली.

मग कायदा आला. महाराष्ट्राच्या १९७४ च्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या काळात आदिवासींकडून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो वैध ठरविला. हे आपले योबेलच. पण जरा काटकसरी योबेल. १९५७ पूर्वी जे गेले ते त्याच्या कक्षेबाहेर राहिले. शिवाय जमीन परत घेणाऱ्यानेच आकाराच्या ४८ पट रक्कम आणि सुधारणांची किंमत भरावयाची, हप्त्यांनी का होईना. नहेम्याने व्याज परत देवविले. आम्ही मूळ धन्याकडून पैसे घेतले. तरीही हा कायदा झाला नसता तर बरे, असे मी म्हणणार नाही. लाज जिथे उपयोगी पडत नाही तिथे सरकारी दप्तरच उपयोगी पडते.

‘आपले कोण’ ह्या प्रश्नावर बायबलाचे स्वतःचेही एकमत नाही. एज्राने परजातीय बायका टाकावयास लावल्या; आणि त्याच ग्रंथसंग्रहात मवाबी रूथ परक्या शेतात सरवा वेचते व दाविदाची पणजी होते. मला रूथची बाजू पटते. ‘गणना’ ग्रंथात तर ह्याहून धीट प्रसंग आहे. मुलगा नसलेल्या सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहतात आणि वतनात बापाचा वाटा मागतात. देश हाती येण्याच्या आधीच नियम बदलतो आणि तो त्यांना मिळतो. आपल्याकडे १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना केंद्र सरकारच्या अधिसूचनेवाचून लागू होत नाही. मडकी फोडणाऱ्या शहाद्याच्या बायकांचे सातबाऱ्यावरचे नाव हा त्यामुळे निराळाच झगडा आहे.