कल्याणला फाटा फुटतो

नवरात्राच्या आदल्या आठवड्यात मामाला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. टेंभी नाक्यावर देवीचा मांडव उभा राहत होता आणि आम्ही त्याच्या बाजूने रोज डबा घेऊन जात होतो.

तीन महिन्यांनी मामीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एका दवाखान्याचं पत्रक आलं. मामाच्याच हाडातला मगज काढायचा, त्यातल्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल्स, वेगळ्या करायच्या आणि मणक्यात इंजेक्शनने सोडायच्या. मूलपेशी जिथे जाते तिथे लागेल ती पेशी बनते, असा पत्रकाचा दावा होता. मामी पाटल्या मोडायला तयार होती. घरात इंजिनिअर मी एकटाच, म्हणून "तू वाच आणि काय ते सांग" असं ठरलं. माझं इंजिनिअरिंग कॉम्प्युटरचं आहे, ही गोष्ट कुणी मनावर घेतली नाही.

मी वाचायला बसलो. सुरुवातीचं चित्र माझ्या धंद्यातलंच निघालं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत कोड तोच असतो: प्रथिनं बनवणारी सुमारे वीस हजार जनुकं. यकृताची पेशी आणि मेंदूची पेशी वेगळ्या दिसतात, कारण दोघींत त्या कोडचे वेगवेगळे भाग चालू असतात. मग कुठला भाग चालू ठेवायचा, हे कोण ठरवतं?

या प्रश्नाचा माग काढताना मी पुण्याला पोचेन असं वाटलं नव्हतं.

१९२४ साली जर्मनीत हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाणसरड्यासारख्या एका उभयचराच्या गर्भातला इवलासा तुकडा कापून त्यांनी दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडच्या बाजूला लावला. तिथे दुसरा मज्जारज्जू आणि जवळजवळ दुसरा गर्भच तयार होऊ लागला. गंमत अशी, की त्यातल्या बऱ्याच पेशी यजमान गर्भाच्याच होत्या. एरवी ज्यांची त्वचा झाली असती, त्यांना शेजाऱ्याने वेगळ्याच वाटेला लावलं होतं. या तुकड्याला त्यांनी 'संघटक' म्हटलं.

१९३०च्या दशकात कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी असा संघटक कोंबडीच्या गर्भातही दाखवला. पुढे ते एडिंबरोला गेले आणि १९५७ साली त्यांनी एक चित्र छापलं, जे आज जीवशास्त्राच्या बहुतेक पुस्तकांत सापडतं: डोंगराच्या माथ्यावर एक गोटी, खाली फाटे फुटत गेलेल्या दऱ्या. गोटी म्हणजे पेशी. ती एका दरीत उतरली की शेजारच्या दरीत सहज जाता येत नाही.

आपल्याला डोंगराची गरज नाही, मध्य रेल्वे पुरते. ठाण्याहून निघालेली गाडी कल्याणपर्यंत कसाऱ्यालाही जाऊ शकते आणि कर्जतलाही. कल्याणला फाटा फुटतो. बदलापूर गेल्यावर जागं होऊन कसाऱ्याला जायचं म्हटलं, तर आधी उलटं यावं लागतं.

याच वॉडिंग्टन यांच्याकडे एडिंबरोत लीला मुल्हेरकर यांनी संशोधन केलं. अंडं उबवायला ठेवल्यावर पहिल्याच दिवशी कोंबडीच्या गर्भावर एक रेघ उमटते. शरीराची आखणी तिथून सुरू होते. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंचे भाग शेजारच्या पेशींना काय व्हायला लावतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचा निबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी हे शास्त्र रुजवलं. कवचातून गर्भ अलगद काढायचा, त्याच्या पडद्यासकट काचेच्या कड्यावर ताणून बसवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो वाढताना पाहायचा, असं हे काम. त्यांचे विद्यार्थी सुरेंद्र घासकडबी यांनी पुढे पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत कोंबडीच्या गर्भाबरोबर हायड्रावरही काम केलं. हायड्रा हा गोड्या पाण्यातला काही मिलिमीटरचा जीव. डोकं कापलं तरी तो नवं उगवतो.

पण शेजाऱ्याचा निरोप आत पोचल्यावर पेशीत नेमकं काय होतं? वाट धरली की ती लक्षात कशी राहते?

इथे क्रोमॅटिन येतं. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो, आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात बसवायचा असतो. म्हणून तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. ही सगळी गुंडाळी म्हणजे क्रोमॅटिन. जिथे ती सैल, तिथली जनुकं वाचता येतात. जिथे घट्ट, तिथली बहुधा गप्प राहतात. रिळांवर बारीक रासायनिक खुणा असतात आणि पेशी दुभंगली तरी त्यांतल्या काही पुढच्या पिढीत उतरतात. माझी उपमा इथे मोडली. माझ्या कामात सेटिंगची फाईल वेगळी असते, मी ती केव्हाही बदलतो. पेशीत सेटिंग कोडलाच गुंडाळलेली असते.

मामाचा आजार मेंदूचा, म्हणून मी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं शुभा टोळे यांचं काम शोधून वाचलं. २००८ साली त्यांच्या गटाने उंदराच्या गर्भात दाखवलं, की एलएचएक्स-२ हे जनुक नसेल तर मेंदूच्या बाह्यकाचा भाग होणाऱ्या पेशी स्वतःच संघटक बनतात आणि शेजारच्या निरोगी पेशींना हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी संबंधित भाग, बनवायला लावतात. हा फाटा गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळातच खुला असतो. २०१७ साली त्यांच्याच गटाने दाखवलं, की या जनुकाचं प्रथिन क्रोमॅटिनची मांडणी बदलणाऱ्या प्रथिनांच्या गटासोबत काम करतं. २०२० साली पुण्याच्या आयसरमध्ये संजीव गलांडे यांच्या गटाने हायड्राच्या डोक्याचा संघटक तयार होताना क्रोमॅटिनवर कुठे कुठे खुणा बदलतात, त्याचा नकाशा मांडला. शेजाऱ्याचा निरोप आणि रिळांवरची खूण, ही दोन टोकं जोडण्याचं काम अजून चालू आहे.

गाडी मागे आणता येते, हेही खरं. १९६२ साली जॉन गर्डन यांनी बेडकाच्या तयार पेशीचं केंद्रक अंड्यात घालून बेडूकमासे वाढवले. २००६ साली शिन्या यामानाका यांनी चार जनुकं वापरून उंदराची त्वचेतली पेशी थेट माथ्यावर नेऊन ठेवली. दोघांना २०१२ साली नोबेल मिळालं. पण तिथून पुन्हा हवा तो फाटा गाठायला योग्य निरोप योग्य क्रमाने द्यावे लागतात, आणि हे सगळं प्रयोगशाळेत आठवडे-महिने चालतं.

मगजातल्या मूलपेशींनी आपला फाटा केव्हाच घेतलेला असतो. काही रक्त बनवतात, काही हाड, कूर्चा, चरबी. मेंदूकडे नेणारी जनुकं त्यांच्यात घट्ट गुंडाळलेली. मणक्यात सोडल्या म्हणून त्या कसाऱ्याला पोचत नाहीत.

आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वंही तेव्हाच वाचली. रक्ताच्या काही आजारांत मगजातल्या मूलपेशींचं रोपण हा मान्य उपचार आहे आणि त्याने माणसं वाचतात. पक्षाघातासाठी मूलपेशी फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. त्या पत्रकावर मात्र हप्त्यांची सोय छापली होती.

मी मामीला कल्याणच्या फाट्यावरून समजावलं. ती डोंबिवलीची, लगेच समजली. मग थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे काहीच नाही का रे करायचं?" या प्रश्नाला माझ्याकडे वाचलेलं काही नव्हतं. फिजिओथेरपीवाले म्हणत होते, व्यायाम सोडू नका. तेवढंच मी तिला परत सांगितलं.

पाटल्या तिच्या हातात आहेत. मामाचा हात फारसा सुधारला नाही, पाय सुधारला. यंदा तो काठी टेकत मांडवापर्यंत चालत गेला, पाच मिनिटांचं अंतर पंचवीस मिनिटांत. मी मागून चालत होतो. त्याने एकदाही हात धरू दिला नाही.